सगुणेचं शेवटचं वाक्य

भावजी, काल तुमचा तेरावा झाला. पंगती उठल्या, खरकटं निघालं, आणि मग माणिक आला. हे सांगायला मला तुमच्याशिवाय माणूस नाही, आणि तुम्ही तर निघून गेलात. म्हणून शाळेतले कोरे ताव घेऊन बसले आहे. तुम्ही असता तर म्हणाला असता, वैनी, आधी तो काय बोलला ते सांगा, मग बाकीचं. ते नाही जमायचं. जन्मभर मला घाई केलीत. आता तुम्हाला कसली घाई आहे?

पहिल्यांदा माझा राग ऐकून घ्या. ताप आला तो अंगावर काढलात. काढणी चालू आहे, दवाखान्यात उद्या जाऊ, परवा जाऊ. जिंतूरची मोटार रोज फाट्यावरून जाते, तिला हात करायला तुम्हाला सवड झाली नाही. तुमची गंगू भिंतीला पाठ लावून बसली आहे, बिचारीला अजून धड रडूही आलेलं नाही. आत्याबाई दाराकडं तोंड करून बसतात. त्यांचे दोन्ही लेक गेले. परवा मला म्हणाल्या, हा तरी अंथरुणात गेला. आणि म्हणता म्हणता स्वतःच तोंडावर पदर धरला. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तुम्हालाही कळेल.

लोक येऊन तुमचं कौतुक करायलेत. नाटकवाला गेला म्हणतात, असा माणूस पुन्हा व्हायचा नाही म्हणतात. याच लोकांनी तुमच्यावर शेणाचे गोळे फेकले होते. मी तिथंच बायकांत बसले होते, कुणाकुणाचे हात वर झाले ते मला पाठ आहे. पण तेराव्याला आलेल्या माणसाला काय बोलायचं, म्हणून गप वाढत राहिले.

तुमचे दादा गेले तेव्हा तुम्हाला नुकती मिसरूड फुटत होती. रझाकारांचे दिवस होते. दादा निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीपलीकडच्या कॅम्पात असायचे, ज्वारी काढणीला आली म्हणून चोरून आले. गावात पाऊल टाकायची सोय नव्हती, तेव्हा शेतातल्या वस्तीवरच, आखाड्यावरच्या बैलांच्या गोठ्यात लपून राहिले. मी भाकरी घेऊन गेले. अंगावर जांभळं लुगडं होतं, पिवळ्या काठाचं, माहेरहून आलेलं. दोन शेतांमधल्या धुऱ्यावर माणिक उभा होता. आपला शेतशेजारी, दादांच्या बरोबरीचा, लहानपणी एका ताटात जेवलेला. त्यानं माझ्या डोक्यावरच्या टोपल्याकडं बघितलं, लुगड्याकडं बघितलं आणि वाट सोडली. मी घरी परत आले आणि दुपारी रझाकार आले. त्यांनी घरं धुंडाळली नाहीत. सरळ आपल्या आखाड्याकडं गेले आणि त्यांच्या पुढं माणिक चालत होता. हे अर्ध्या गावानं पाहिलं.

मग धूर दिसला. मला कुणी जाऊ दिलं नाही. ऊन कलल्यावर दोन्ही बैल आपले आपण दारात येऊन उभे राहिले, गळ्यात दावी लोंबत होती. तुम्ही दावं हातात घेऊन उलटंसुलटं बघितलंत. "वैनी, हे तोडलेलं न्हाई," म्हणालात. "कुणीतरी सोडलंय." दादांनीच सोडलं असेल, असं आपण धरून चाललो. दुसरं काय धरणार?

त्यानंतर तुम्ही घरातला एक विळा वेगळा काढलात. सकाळी उठून दगडावर पाणी टाकायचं, त्याला धार लावायची आणि वाशात खोचून ठेवायचा. कशासाठी ते तुम्ही सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. आत्याबाई कानावर हात ठेवायच्या. एक लेक असा गेला, दुसरा फासावर जाणार, हे त्यांना दिसत होतं. आणि मी? मी चुलीपुढं पीठ मळत असायचे आणि तो घासल्याचा आवाज आला की मला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू. त्या घरात माझ्या मनातलं बोलणारा तेवढाच एक आवाज होता.

मग मिलिटरी आली, निजामाचं राज्य गेलं, माणिक सासुरवाडीला पळाला. त्या आठवड्यात जे झालं त्याबद्दल आपलं गाव अजून तोंड उघडत नाही. तुम्हाला उर्दू शिकवणारे मास्तर, सगळं गाव त्यांना उस्ताद म्हणायचं, त्यांनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. पोरं शिकवायची आणि लिंबाखाली बकरी बांधायची, एवढा त्यांचा संसार. पण लोक सूड घ्यायला बाहेर पडले तेव्हा रझाकार कधीच पळाले होते. हाताशी सापडले ते उस्ताद. बायकापोरांसकट ते कुठं गेले, जिवंत तरी गेले का, हे आजही कुणी सांगत नाही. त्यांच्या घराची सागवानी कवाडंसुद्धा लोकांनी काढून नेली. तुम्ही दिवसभर उंबऱ्यावर बसून राहिलात आणि दुसऱ्या सकाळी विळ्याला धार लावली नाहीत. मला तुमचा फार राग आला होता. पुढं परत लावायला लागलात, पण हात पहिल्यासारखा चालेना.

एक सुगी गेली आणि माणिक गावात परत आला. त्याच्यावर बोट ठेवायला साक्षीदार उभा राहिला नाही. अर्ध्या गावानं पाहिलं होतं ना? ते अर्धं गाव म्हणायला लागलं, आम्हाला नीट दिसलं नाही. तो मान खाली घालून जायचा यायचा. तुम्ही ओट्यावर बसून त्याचं जाणंयेणं बघायचात. वाशातला विळा तुमच्या डोक्यावर हातभर होता. त्या दिवसांत तुम्ही घराबाहेर गेलात की आत्याबाई माझ्याकडं बघायच्या, मी वाशाकडं बघायचे, विळा जागेवर दिसला की मग आम्ही दोघी श्वास सोडायचो. आणि मनाच्या तळाशी मला वाटायचं, जागेवर का आहे अजून?

चैत्रातली यात्रा जवळ आली तेव्हा तुम्ही म्हणालात, यंदा देवाधर्माचं नाटक नको, आपलंच करू. तुम्हाला बोलायला मराठी, पण लिहायचं म्हटलं की उर्दूचं अलिफ बे. शाळाच तशी होती. मला वडिलांनी मानवतला असताना अक्षरं शिकवलेली. दुपारी आत्याबाईंचा डोळा लागला की तुम्ही चुलीजवळ येऊन बसायचात. "वैनी, मी सांगतो, तुमी लिवा." असं ते नाटक झालं. गावाला वाटतं एकट्या तुमचं. मीही कधी सुधारलं नाही.

गोष्ट तर तुम्हीच काढलीत. सगुणा नावाची बाई. एका वाड्याच्या मालकानं चुगली करून तिच्या नवऱ्याचा जीव घेतलेला. ती नाव बदलून त्याच्याच वाड्यात कामाला राहते, त्याच्या आंधळ्या आईची सेवा करते, आणि योग्य दिवसाची वाट बघते. मी लिहीत गेले आणि मला वाटलं, वा, भावजींनी माझं काळीज बाहेर काढून ठेवलं. पण तुम्ही तिला साधी राहू देईनात. वाड्यात शिरायला जागा व्हावी म्हणून सगुणा तिथल्या जुन्या गड्याच्या घोंगड्यात चांदीचा तांब्या लपवते. गड्यावर चोरीचा आळ येतो, त्याला हाकलून देतात, सगुणेला जागा मिळते. मी लेखणी खाली ठेवली. म्हटलं, माझी सगुणा असलं करणार नाही. त्या गड्यानं तिचं काय बिघडवलं होतं?

"कायबी न्हाई," तुम्ही म्हणालात. "म्हणून तर लिवा म्हणायलोय."

म्हटलं, मग लोकांना तिचा राग येईल. तुम्ही मान हलवलीत. येणार नाही, म्हणालात, तिचा नवरा गेलाय ना, लोक तिला सगळं माफ करतील, तो गडी बाहेर गेला की हसतील बघा. मला पटलं नाही. पण लिहिलं, कारण तुम्ही उठायला तयार नव्हतात. उस्तादांचं नाव तुम्ही घेतलं नाही, मीही नाही.

खरं भांडण शेवटावर झालं. मला सगुणेनं मालकाला मारलेलं हवं होतं. नुसतं मारलेलं नव्हे, नाव सांगून, कुणाची बायको ते सांगून मारलेलं. तुम्हाला काय हवं होतं ते तुम्हालाच कळत नव्हतं. तिची कीव आली पाहिजे, म्हणायचात, आणि तिची भीतीपण वाटली पाहिजे. मी म्हणायचे, कीव घाला चुलीत, तिचं बरोबर आहे. "बरोबर हाय, पर फुडं काय?" हे तुमचं पालुपद. पुढं काय, पुढं काय. मी चिडून दोन शेवट लिहून दिले. एकात विळा चालतो, दुसऱ्यात विळा खाली पडतो. दुसऱ्यात सगुणेच्या तोंडी मी एक अक्षर घातलं नाही. म्हटलं, माझ्याकडं तिला द्यायला शब्द नाहीत, तुम्हाला हवं तर तुम्ही शोधा.

गाव अजून तापलेलं होतं, म्हणून पोलीसपाटलानं अट घातली की खेळ दिवे लागायच्या आत संपवायचा. आपल्याकडं नाटक म्हणजे गॅसबत्ती. बत्तीच्या उजेडात रंगवलेली तोंडं दिसतात, पुढं बसलेलं माणूस दिसत नाही. यंदा सगळं उन्हात होणार होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही, त्यानं काय होईल ते.

बैलगाड्या एकमेकींना जोडून त्यावर कवाडं टाकायची, हा आपला रंगमंच. ज्याची गाडी, त्याचा पुढं बसायचा मान. तुम्ही स्वतः माणिकच्या दारात गेलात गाडी मागायला. गाव चाट पडलं. आत्याबाईंनी त्या दिवशी भाकरी खाल्ली नाही. त्यानं गाडी दिली. देणार नाही तर काय, नाही म्हणालं की गावाला कळलं असतं का नाही म्हणतो ते. म्हणजे तो तुमच्यापुढं हातभरावर बसणार हे ठरलं. कवाडं गोळा झाली त्यात एक सागवानी होतं. कुणाच्या तरी गोठ्याला लावलेलं, यात्रेसाठी उचकटून आणलेलं. तुम्ही त्यावरून नुसता हात फिरवलात.

लुगडं देणं हा बायकांचा मान. बाईचं काम पुरुषानंच करायचं, त्याला नेसायला कुणीतरी घरातलं चांगलं लुगडं काढून द्यायचं आणि मग खेळभर बायकांत बसून जीव टांगणीला लावायचा, ए बाबा, काठ फाडू नको. सगुणा तुम्ही होणार होतात, म्हणून मी पेटीच्या तळातून जांभळं काढलं. त्या दिवसानंतर ते मी नेसले नव्हते. तुम्ही मागं सरकलात.

"हे न्हाई, वैनी."

"हेच," मी म्हणाले. "त्यानं बघितलंय हे."

तुम्ही लुगडं घेतलंत. मग हात वर करून वाशातला विळा काढलात. नाटकासाठी खोटा विळा आपल्याकडं कुठला? सगळं घरातलंच न्यायचं असतं. पण बाकीचे विळे कोपऱ्यात पडले होते, आणि तुम्ही तो घेतलात. कोणता शेवट करणार, असं मी विचारलं. तुम्ही म्हणालात, बघू. इतके दिवस मला जे हवं होतं ते दारातून बाहेर निघालं होतं, आणि माझ्या तोंडातून परत या असं निघालं नाही. आत्याबाई देवापुढं बसून राहिल्या, त्या आल्याच नाहीत नाटकाला.

तुम्ही काय काम केलंत त्या दिवशी. तुमचं तोंड रंगवलेलं, कपाळ मोकळं, आणि अंगावर माझं लुगडं. चालणंसुद्धा माझं उचललं होतंत. शेजारची मला कोपरानं ढोसून म्हणाली, अगं, ही तर तूच. मी माणिककडं बघत होते. गड्याला हाकललं तेव्हा लोक पोट धरून हसले, अगदी तुम्ही म्हणाला होता तसे. गडी रडत रडत त्या सागवानी कवाडावरून उतरून गेला आणि लोकांनी शिट्ट्या मारल्या. मीही हसले होते. हसू तोंडावर असतानाच मला चुलीजवळची दुपार आठवली आणि मी पदर ओढून घेतला.

शेवटचा प्रवेश आला तेव्हा ऊन तिरपं झालं होतं आणि लोकांच्या तोंडावर पडत होतं. मालकाचं काम करणारा बाबू खाली पडलेला, तुमचा एक हात त्याच्या केसात, दुसऱ्या हातात विळा. सगळीकडं चिडीचूप. तान्ही पोरंसुद्धा गप. मग तुम्ही बाबूचे केस सोडलेत. हे दोन्ही शेवटांत नव्हतं. तुम्ही पुढं आलात, गाडीच्या कडेला, आणि विळा हातात धरून माणिकच्या समोर उभे राहिलात. वाकला असता तर त्याच्या मानेला हात लागला असता. माझ्या आजूबाजूच्या बायकांना कळलं. एकीनं माझं मनगट धरलं ते इतकं घट्ट की बांगडीचा वळ उठला असता, पण माझ्या हातात बांगडी नव्हती. मला ओरडायचं होतं. काय ओरडायचं होतं ते आजही मला सांगता येणार नाही. मार की थांब, दोन्ही एकदमच घशात आलं होतं.

आणि माणिक रडत होता. उन्हात लख्ख दिसत होतं, गालावरून पाणी ओघळत होतं. तो तुमच्या लुगड्याकडं बघत होता. मग तो उठून उभा राहिला, सगळ्या गावासमोर, आणि फाटक्या आवाजात म्हणाला, "मार, सगुणे, मार त्याला."

लोकांना तेच हवं होतं. मार, मार, मार, सगळी यात्राच ओरडायला लागली. तुम्ही हलला नाहीत. त्याच्या तोंडाकडं बघत राहिलात, किती वेळ कोण जाणे. मग मागं सरकलात, त्या कवाडावर विळा ठेवलात आणि उभे राहिलात. बोलायला तुमच्याकडं काही नव्हतं, कारण मी काही लिहिलंच नव्हतं. पडदा म्हणून धरलेली वाकळ कुणीतरी ओढली. त्यानंतर शेण आलं. पहिला गोळा लुगड्यावर बसला.

मी तुमच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायचे आणि पाठ फिरवायचे. आत्याबाईंनी नारळ फोडला, मी प्रसाद घेतला नाही. पुढं सुगी आली तेव्हा तुम्ही तो विळा बाकीच्या विळ्यांत टाकून दिलात, आणि मग मला राहवलं नाही. नामर्द म्हणाले मी तुम्हाला. भावाचं रक्त धुऊन टाकलंत म्हणाले. तुम्ही कडबा बांधत होता. बांधता बांधता म्हणालात, त्यानं मला मार म्हणलं वैनी, मग मी कसा मारू?

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते तुमचा ताप चढेपर्यंत. मी म्हणायचे, तो गाढव स्वतःला ओळखलाच नाही. नाटक बघून रडला, जसं सगळे रडतात. सगुणेची त्याला दया आली आणि मालकाचा राग आला. तो मालक म्हणजे आपण, हे त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. दुष्ट माणसाला दुसऱ्याचा दुष्टपणा लगेच दिसतो. तुम्ही म्हणायचात, ओळखल्याशिवाय माणूस असा ओरडत नाही. त्याला मारून घ्यायचं होतं. मी म्हणायचे, मग मारायचं होतं. तुम्ही म्हणायचात, मग ते सगुणेचं झालं नसतं, त्याचं झालं असतं. हे तुमचं बोलणं मला तेव्हाही नीट कळलं नाही. राग मात्र दर वेळी नवा यायचा.

पण तुमचे उपकार मी मोजत बसले तर हे ताव पुरायचे नाहीत. माझ्या हातचं अक्षर बघून तुम्हीच म्हणालात, वैनींना ट्रेनिंगला पाठवू. गाव हसलं. विधवा बाई परभणीला जाऊन राहणार, मास्तरीण होणार. आत्याबाईंनी डोकं आपटून घेतलं. तुम्ही सगळ्यांना पुरून उरलात आणि माझी पेटी डोक्यावर घेऊन फाट्यापर्यंत आलात. मी तुमच्याशी धड बोलतही नव्हते तेव्हा. मोटार सुटताना खिडकीशी येऊन काय म्हणालात, तर सगुणेला शेवटचं वाक्य सुचलं तर लिहून धाडा. मी तोंड वळवलं. पण शाळेत आज पोरं मला बाई म्हणतात ते त्या पेटीमुळं.

मग पोरीचं नाव सगुणा ठेवलंत. मी किती बोलले तुम्हाला. आता ती माझ्याच वर्गात पुढं बसते आणि पाटीवर नाव लिहिताना "गु" मोठा काढते. दर चैत्रात तुम्ही विचारायचात, सुचलं का? मी म्हणायचे, ती माझी नाही, तुमची आहे, तुम्ही बोलवा तिला. कधी तुम्ही दुसरंच विचारायचात. त्या हाकललेल्या गड्याचं पुढं काय झालं असेल, वैनी? मी वह्या तपासत राहायचे. तुम्ही उस्तादांबद्दल विचारताय ते कळत होतं. शेवटच्या तापातही बरळताना गड्याला आत घ्या, गड्याला आत घ्या म्हणत होता. गंगूला वाटलं शेतावरचा सालगडी.

आता कालचं.

माणिक आपल्या अंगणातल्या लिंबाच्या सावलीच्या बाहेर, उन्हातच उभा राहिला. केस पिकलेत, खांदे खाली आलेत. गंगू उठून आत गेली. आत्याबाईंना आता दिसत नाही, त्या विचारायला लागल्या, कोण आलंय गं? मी उत्तर दिलं नाही. कोपऱ्यात विळे पडले होते, त्यात तो कोणता हे मला आता ओळखू येत नाही, पण माझी नजर तिकडं गेली हे खरं. तुम्ही नव्हता. थांबवायला कोणी नव्हतं आणि करायलाही कोणी नव्हतं. त्या अंगणात मी आणि तो.

"बाई," तो म्हणाला, "ते लुगडं मी वळखलं होतं."

खांबाला धरून उभी राहिले.

तो पुढं बोलायला लागला, खालमानेनं. तुमचं नाव घेऊन म्हणाला, सदानं एकदाचं संपवावं म्हणून ओरडलो. संपवलं नाही. मग वाटलं, आता येईल, उद्या येईल, विचारील. रोज वाट बघितली. तो रस्त्यात दिसायचा, राम राम घालायचा. त्यानं मारीनही म्हटलं नाही आणि सोडलं असंही म्हटलं नाही. आणि मग एक गोष्ट म्हणाला ती ऐका. म्हणाला, "मारायला समदे तयार व्हते. त्या दिवशी काय झालं, ते मातर मला एकानंबी विचारलं न्हाई. सदानंबी न्हाई. तुमीबी न्हाई."

खरं होतं, भावजी. आपण दोघांनी इतकी वर्षं त्याच्यावर भांडण केलं, त्याला नाटकात घातलं, त्याच्या मानेवर विळा धरला, त्याच्या रडण्याचा अर्थ लावला. त्याला विचारलं नाही. मी त्याला सावलीत यायला सांगितलं आणि विचारलं.

त्यानं सांगितलं. त्याला कुणी मारलं नव्हतं. त्याच्या पोराच्या गळ्यावर सुरी ठेवली नव्हती. ऐकताना मी वाट बघत होते, की असं काही निघेल आणि मला सोपं जाईल. नाही निघालं. रझाकारांनी विचारलं आणि तो भ्याला, एवढंच. भिऊन सांगितलं आणि भिऊन पुढं चालला. आखाड्यावर पोचल्यावर दादा गोठ्यातून स्वतःच बाहेर आले. त्यांनी त्याच्याकडं बघितलं. शिवी दिली नाही. रझाकार गोठ्याला आग लावायच्या बेतात होते, तेव्हा दादा त्याला म्हणाले, "माणक्या, बैलं सोड." त्यानं आत जाऊन दोन्ही दावी सोडली. तो बैलांबरोबर बाहेर आला तेव्हा दादा पडलेले होते.

तुम्ही दावं हातात घेऊन उलटंसुलटं बघितलं होतंत, आठवतं? सोडलंय म्हणाला होतात. सोडणारा आपल्या डोळ्यांपुढून इतकी वर्षं मान खाली घालून गेला आला.

तुमच्या दादांचे शेवटचे शब्द मला काल कळले. बायको असून मला माहीत नव्हते आणि त्याला होते. तुम्ही त्या दिवशी उन्हात वाकला असता, माझ्या मनासारखं झालं असतं, तर ते शब्द त्याच्याबरोबर गेले असते आणि मी बैलांकडं बघून जन्म काढला असता. म्हणून मी हरले, हे घ्या. त्यानं लुगडं ओळखलं होतं, तुमचं बरोबर होतं. पण पूर्ण नाही देणार तुम्हाला. विळा खाली ठेवून तुम्ही गप उभे राहिलात ते चुकलं. तिथं थांबायचं नव्हतं.

त्याला माफ केलं का, असं मात्र विचारू नका. नाही केलं. तो गेल्यावर अंगण झाडून काढलं. पण जाण्याआधी त्यानं पाणी मागितलं तेव्हा तांब्या मीच हातात दिला, आणि आत्याबाईंनी परत विचारलं, कोण आहे गं, तेव्हा सांगितलं, माणिक आहे. त्यांनी दाराकडं तोंड वळवलं. मग म्हणाल्या, जेवला का तो? हे त्यांचं उत्तर. माझं वेगळं आहे.

तुमच्या नाटकातला गडी अजून बाहेरच उभा आहे, भावजी. त्याला आत घ्यायचं मला काही सुचत नाही, कुणाला विचारावं तेही कळत नाही. गोठ्याचं ते सागवानी कवाड मात्र मी उद्या जाऊन बघणार आहे. कुणाचं होतं ते मोठ्यानं विचारणार आहे, गाव काय म्हणायचं ते म्हणू दे.

आणि तुमचं दर चैत्रातलं मागणं आज देऊन टाकते. सगुणा पुढं येईल, लोक मार मार ओरडतील, ती विळा कवाडावर ठेवील. तिला गप उभी करू नका. तिच्या तोंडी हे घाला, मी काल जसं म्हणाले तसंच, एक अक्षर न बदलता:

"उन्हातून सावलीत या. बसा. त्या दिवशी काय झालं ते मला पहिल्यापासून सांगा."